येण्याआधी छापून आलेले मंत्री

एसटी पुढं अन् आश्रुबा मागं. एका हातानं पायजमा वर धरलेला, दुसऱ्या हातात पाकीट, अन् तोंडात धूळ. वैशाखातली भर दुपार. फाट्यावरचं कुत्रंसुद्धा पळत नव्हतं, हा पळत होता.

"डायवर साहेब, थांबा. बातमी राहिली."

भगवानरावानं गाडी थांबवली. बातमीचं पाकीट म्हटलं की तो थांबायचाच. त्याचा सासरा वारला ती बातमी याच वाटेनं पेपरात गेली होती, त्याचा मान तो अजून ठेवून होता.

"आज काय झालं रे फाट्यावर?"

"मंत्री आले. निवाऱ्याचं उद्घाटन केलं."

भगवानरावानं खिडकीतून मान बाहेर काढून मागं बघितलं. एसटीची वाट बघणाऱ्यांसाठी बांधलेला नवाकोरा निवारा उभा होता, त्याला चारी बाजूंनी दोरी होती, अन् मंडपवाला अजून खांबच रोवायला होता.

"कवा आले?"

"संध्याकाळी यायलेत. तुमची गाडी त्याच्या आधीच जायलीय, त्याला मी काय करू?"

भगवानरावानं पाकीट पुढं ठेवलं अन् गेअर टाकला. त्याला यात नवल वाटलं नाही. देवगाव फाट्याची रीतच तशी होती. पेपर परभणीला निघायचा, बातमी जायची दुपारच्या गाडीनं, म्हणून संध्याकाळी व्हायचं ते दुपारच्या आत होऊन जायचं. सभा भरायच्या आधीच गाजलेली असायची. कुस्तीत तेवढं जरा जपून लिहावं लागायचं. सगळे वार्ताहर असंच करायचे अन् आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

फक्त आश्रुबा अजून वार्ताहर नव्हता. त्याच्याकडं होता तो फळा. भीमजयंतीच्या मांडवाच्या उरलेल्या फळ्या जोडून केलेला, लिंबाच्या खोडाला टेकवलेला. रोज सकाळी आश्रुबा त्यावर खडूनं लिहायचा. कुणाची म्हैस सुटली, जिंतूरची गाडी बंद हाय, येलदरीचं पाणी कालव्याला आलं का न्हाई. लोक वाचायचे, न वाचता येणारे वाचून घ्यायचे. त्याला वाटलं, झालो की आपण पत्रकार.

मग मागच्या साली एका साहेबाचा दौरा आला. पत्रकारांसाठी म्हणून पुढं खुर्च्या मांडल्या, अन् आश्रुबा इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत जाऊन बसला. माहिती खात्याचा माणूस आला अन् त्यानं हात पुढं केला.

"कार्ड?"

"फळा हाय माझा. तो काय, लिंबाखाली."

"फळा तर शाळेत बी असतो. उठा."

सगळ्या गावासमोर उठवलं हो. पुढं पाटील बसलेले, मागं बाया हसायल्यात, अन् हा खडूनं पांढरी झालेली बोटं पायजम्याला पुसत मागं गेला. तेव्हापासून गड्याच्या डोक्यात एकच, कार्ड. परभणीच्या दैनिकाच्या संपादकांकडं, दत्तरावांकडं, चकरा मारून मारून चप्पल झिजवली. शेवटी दत्तराव म्हणाले, "मंत्री यायलेत ना तुमच्याकडं? बातमी पाठवा. ठीक वाटली तर कार्ड देऊ."

म्हणून ते पाकीट. बातमीत काय नव्हतं? प्रचंड जनसमुदाय होता, हलगी होती, विकासावर भाषण होतं. ओवाळायला खरं तर पाटलाच्या सूनबाई ठरल्या होत्या. पण लिहिता लिहिता आश्रुबानं मान वर केली, तर समोर लिंबाखाली त्याची चुलती सुलाबाई काकड्यांची पाटी घेऊन बसलेली, पदरानं वारा घ्यायलेली. हातानं आपलं तिचंच नाव लिहून टाकलं.

संध्याकाळ झाली. सूनबाईंनी ताटातलं निरंजन लावलं, विझलं, परत लावलं. हलगीवाले बसले, मग आडवे झाले. झेंडूच्या हाराशी शेळीची ओळख झाली. अंधार पडता पडता जीप आली, अन् आतून माहिती खात्याचा तोच माणूस न उतरताच बोलला, "साहेब येलदरीवरूनच परत गेले. पुढची तारीख कळवू."

लोक उठून गेले. आश्रुबा परभणीच्या रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. आता परभणीत यंत्र सुरू झालं असणार. तिथं मंत्री आलेत, भाषण करायलेत, अन् त्यांना थांबवायला इकडून गाडी नाही.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी फाट्यावर आला. कार्ड तर गेलंच, आता फळा तरी वाचवावा म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं: काल मंत्री आले नाहीत.

तेवढ्यात परभणीची गाडी आली. बसप्पानं गठ्ठा उतरवून घेतला. बसप्पाचं किराणा दुकान, कपाळाला भस्म, अन् फाट्यावर पेपर विकायचा तोच. पहिला पेपर उघडून तो मोठ्यानं वाचायचा, हा त्याचा नेम.

"देवगाव फाट्यावर निवाऱ्याचे थाटात उद्घाटन," बसप्पा वाचायला लागला. "श्रीमती सुलाबाई यांनी मंत्रिमहोदयांना ओवाळले."

सुलाबाईच्या हातातली काकडी हातातच राहिली.

"कुणी?"

"तुमी."

"मी कवा ववाळलं?"

"काल. पेपरात हाय."

सुलाबाई उठली. "कुठं हाय माझं नाव?" बसप्पानं दाखवलं. तिनं त्यावर अंगठा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, अन् मग लुगड्याचा पदर सारखा केला.

लोक एकदा पेपरकडं बघायचे, एकदा फळ्याकडं.

"आश्रुबा तर लिहितोय, आले न्हाईत."

"फळा काय, बाहीनं बी पुसता येतोय," बसप्पा म्हणाला. "पेपर पुसून दाखवा."

"पर आपण तर हितंच होतो की रात्रीपस्तोर."

"मी मधी पाणी प्यायला गेलतो," एक म्हातारा म्हणाला. "तेवढ्यात येऊन गेले आसतील."

दोरीपाशी ग्रामपंचायतीचा शिपाई सिताराम बसला होता. उद्घाटन होईपर्यंत आत चिटपाखरू जाऊ द्यायचं नाही, असा त्याला हुकूम. महिना झाला, लोक सावलीला खेटून उन्हात उभे राहायचे अन् हा राखण करायचा. सितारामनं पेपर हातात घेतला, उद्घाटनाच्या ओळीवर बोट फिरवलं, अन् गाठ सोडली. सुलाबाई पाटी घेऊन पहिली आत शिरली. मागनं लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, शेवटी शेळी.

सिताराम दोरी गुंडाळत आश्रुबाजवळ आला. "ते फळ्यावरलं ठेवणार असशील तर आत्ताच सांग. परत बांधावी लागंल."

आश्रुबानं निवाऱ्याकडं बघितलं. आत एक तान्हं पोर गार फरशीवर पालथं पडून हसायलं होतं. त्यानं शर्टाची बाही ओढली अन् फळा पुसला.

पाटील तेवढे मोटरसायकलवरून गेले. आश्रुबाकडं बघितलं नाही. निवाऱ्याकडं बी नाही.

अन् दोन दिवसांनी काय व्हावं? भगवानरावानं गाडीतूनच पाकीट पुढं केलं. आत कार्ड. फोटो, गोल शिक्का, खाली दत्तरावांची सही. आश्रुबानं बसप्पाकडून प्लास्टिकची पिशवी घेतली, कार्ड तिच्यात घातलं अन् खिशात ठेवलं. त्याच खिशात खडू होता. रात्री झोपताना सुद्धा त्यानं शर्ट काढला नाही, असं सुलाबाई सांगती.

हप्ताही झाला नसेल. बसप्पा माल आणायला सेलूला गेलेला, दुकान बंद, फाटा सुस्त. अन् ना जीप आधी, ना निरोप, सरळ मंत्र्यांची गाडीच येऊन उभी राहिली. मागच्या जीपमधून माहिती खात्याचा माणूस उडी मारून उतरला. सितारामनं ग्रामपंचायतीतून पळत दोन खुर्च्या आणल्या. एक साहेबाची. दुसरीजवळ आश्रुबा गेला.

"कार्ड?"

आश्रुबानं दाखवलं. माणसानं कार्ड उलटंपालटं केलं, फोटोकडं बघितलं, आश्रुबाकडं बघितलं.

"बसा."

आश्रुबा बसला. खुर्चीचा एक पाय लंगडा होता, तरी बसला.

मंत्री निवाऱ्यासमोर आले. कात्री हातात, पण कापायला फीत नाही, दोरी नाही. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली. एकानं तर आतल्या खिळ्याला टोपी अडकवलेली.

"हे तर सुरू झालेलं दिसतंय," मंत्री म्हणाले. "उद्घाटन कुणी केलं?"

माहिती खात्याच्या माणसानं घाम पुसला. सिताराम आपल्या पायाकडं बघायला लागला. आश्रुबाची खुर्ची कुरकुरली.

"तुमीच की," सुलाबाई आतून म्हणाली. "विसरलाव का साहेब? मी ववाळलं तुमाला. पेपरात आलंय."

मंत्र्यांनी कात्री माहिती खात्याच्या माणसाकडं दिली. माणूस किती ठिकाणी कात्री लावतो, कुठं कुठं आठवणार?

"हो, हो. आठवलं," ते म्हणाले. "बऱ्या हायत ना मावशी?"

"बरी हाय. काकडी खावा."

मंत्र्यांनी उभ्यानं मीठ लावून काकडी खाल्ली, तोंड पुसलं अन् गाडी निघून गेली. धूळ बसली तरी आश्रुबा खुर्चीतच होता. दुपारची एसटी कवाच गेली होती. अन् ती असती तरी पाठवायचं काय? दत्तराव म्हणाले असते, ही बातमी आपण दिलीय.

तो उठला, खुर्ची सितारामकडं दिली, खिशातून खडू काढला. कार्डाला पांढरा भुगा लागला होता, तो त्यानं झटकला नाही. फळ्यावर लिहिलं: आज मंत्री येऊन गेले.

संध्याकाळच्या गाडीनं बसप्पा उतरला. डोक्यावर गुळाची ढेप, तशीच घेऊन फळा वाचला.

"हे काय रे? मंत्री तर मागच्याच हप्त्यात येऊन गेले."

"आज आले, बसप्पा. खरंच आले."

"कार्ड भेटल्यापासनं तू काय बी लिहायलास लेका."

आश्रुबानं निवाऱ्याकडं बघितलं. "काकी, सांगा तुमी. काकडी कुणी खाल्ली?"

सुलाबाई पाटी आवरायली होती. ती उठून फळ्यापाशी आली. अक्षरांकडं वरून खाली बघितलं, जसं लोक हिशेब तपासतात तसं.

"माझं नाव हाय का ह्याच्यात?"

"न्हाई."

"मंग काय सांगू?"

आश्रुबा जरा वेळ खडू बोटात फिरवत राहिला. मग खाली वाकून त्यानं लिहिलं: सुलाबाईंनी काकडी दिली.

"कुठं हाय?"

त्यानं दाखवलं. तिनं नावावर अंगठा ठेवला, पेपरावर ठेवला होता तसाच, दाबून.

"मंत्री आज आला होता, बसप्पा," ती म्हणाली. "खरं हाय."

बसप्पानं ढेप खाली ठेवली अन् फळा परत पहिल्यापासून वाचायला घेतला. नाव अंगठ्याखाली अर्धं पुसलं होतं. सुलाबाईनं पाटी डोक्यावर घेतली अन् एका हातानं ती धरून घराकडं निघाली. दुसऱ्या हाताचा खडू लागलेला अंगठा तिनं लुगड्याला लागू दिला नाही.