गाईच्या गॅसवरचं दळण

१९७४ च्या उन्हाळ्यात डिझेल मिळेनासं झालं आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावातली शरणप्पांची पिठाची गिरणी बंद पडली. बायका शेजारच्या गावातल्या विजेच्या गिरणीकडे जायला लागल्या. ती वाट एकदा पायाखालची झाली, की गिऱ्हाईक परत यायचं नाही, ही शरणप्पांना धास्ती.

मी तेव्हा नुकताच बी. एस्सी. होऊन गोबर गॅस योजनेत लागलो होतो. शरणप्पांच्या गोठ्यात दोन गाई आणि नऊ म्हशी होत्या. हिशेब सरळ होता. गोठ्यामागे विहिरीसारखा खड्डा बांधला, त्यात शेण कालवून भरलं आणि वर लोखंडी टाकी पालथी घातली. महिन्याभरात गॅसनं टाकी वर उचलली. इंजिन थोड्याशा डिझेलवर सुरू करायचं आणि मग हवेबरोबर गॅस आत सोडायचा. बाकी सगळं काम गॅस करणार होता.

पहिल्या दिवशी जोंधळ्याच्या पाट्या घेऊन बायका आल्या. सगळ्यांत पुढं गंगम्मा. ती दळायला टाकेल तिथं बाकीच्या टाकत.

"शरणप्पा, कशावर चालतंय रे हे?"

"गॅसवर, गंगम्मा."

"आमच्या घरच्यास्नी आदीच पोटात गॅस धरतो. वर आनि गॅसचं पीठ खाऊ घालू व्हय?"

मी पुढं झालो. "मावशी, हा वेगळा गॅस. मिथेन."

"मेथी?"

"मिथेन."

"मेथीच बरी की. वाताला चांगली."

गॅस फक्त इंजिनात जातो, दाण्याला शिवतही नाही, हे मी फरशीवर खडूनं आकृती काढून समजावलं. गंगम्मानं आकृती नीट पाहिली. "बरं. पन निगतो कशातनं?"

"शेणातून."

क्षणात सगळ्या पाट्या डोक्यावर चढल्या.

तेवढ्यात शरणप्पांची आई, सावित्रम्मा, ओसरीवरून ओरडली, "शेणाला नाकं मुरडताय? कपाळाला काय लावलंय गं सगळ्यांनी? इबूत कशाची असती?"

बायकांचे हात आपोआप कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांकडे गेले. पाट्या खाली आल्या. शरणप्पांनी इंजिनाच्या हँडलला हात घातला.

"पन इबूत गाईच्या शेणाची," गंगम्मा म्हणाली. "ह्यात म्हशीचं हाय का?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आकडा मला तोंडपाठ होता.

"ऐंशी टक्क्यांहून जास्त."

शरणप्पांनी डोळे मिटले. पाट्या परत वर.

दुसऱ्या दिवशी शरणप्पा एवढंच म्हणाले : "खड्डा उपसा." म्हशींचं सगळं शेण शेतात गेलं आणि गावात निरोप फिरला, की ज्याला दळण हवं, त्यानं रोज पाटीभर गाईचं शेण आणून टाकावं. लोक आणू लागले. सुरुवात पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. टाकी हळूहळू वर येत होती आणि तिच्या कडेवर रोज खूण करताना मला देव आठवत होता, हे मी योजनेच्या कचेरीत सांगितलं नाही.

गिरणी परत सुरू करायचा दिवस आला. पाट्या रांगेत लागल्या. शरणप्पांनी इंजिन सुरू केलं, गॅस सोडला. इंजिन छान चाललं. गंगम्मानं आपली पाटी पुढं सरकवली, पण हात काढला नाही.

"आमचं दळन आमच्या कपिलीच्या गॅसवर. ईरप्पाच्या गाईचा नगं बगा. ती उकिरड्यावर काईबी खाती."

टाकीत गॅस मिसळून जातो, एका गाईचा वेगळा काढणं शक्यच नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि शरणप्पांचा पाय माझ्या पायावर पडला.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "गॅस तुमी बगा, गिऱ्हाईक मी बगतो."

त्यांनी गॅसची चावी बंद केली. इंजिन मंदावलं, धापा टाकू लागलं. मग चावी अगदी सावकाश उघडत ते मोठ्यानं ओरडले, "गंगम्माची कपिली, सोडली!"

इंजिन दोनदा अडखळलं, मग सुरात आलं. जात्यातून पांढरं पीठ पडायला लागलं. गंगम्मा मान कलती करून ऐकत होती.

"आमचीच हाय," ती बाकीच्या बायकांना म्हणाली. "उठताना तिला असाच दम लागतो."

आणि तिनं पाटीवरचा हात काढला. मागून ईरप्पाची बायको पुढं झाली आणि मला म्हणाली, "आता आमची सोडा. जरा जपून, गाभन हाय."