कडेचा काप

“पुन्हा आली?” पोटरीवरची गाठ दोन बोटांत धरत सर्जन म्हणाले. “तुमच्यावर फारच जीव दिसतो हिचा.”

“माहेरी आल्यासारखी येते हो,” तपासणीच्या टेबलावर पालथ्या पडलेल्या मेणताई उशीत तोंड खुपसूनच बोलल्या. “दर तीन-चार वर्षांनी. आणि दर वेळी अंगाने भरून!”

भिंतीला टेकून उभे असलेले त्यांचे यजमान खाकरले. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातला कुठलाही प्रश्न ते दुकानाच्या पायरीवर आणून सोडवत.

“साहेब, एक विचारू? पंक्चर काढलं, पण टायरमध्ये रुतलेला काटा तसाच राहिला, तर चाक पुन्हा बसणारच ना?”

“अगदी बरोबर बोललात,” सर्जन म्हणाले. “दोन्ही वेळा काटाच राहिला.”

खरं तर त्यात मेणताईंचाही दोष होता. पहिल्यांदा गाठ मसुराएवढी होती. ‘अशा गाठी पुष्कळांना असतात, जन्मभर गुपचूप बसून राहतात,’ असं त्यांना सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या गाठ काढून आल्या आणि दुपारी पुन्हा कामावर बसल्या. दुसऱ्यांदा ती वाटाण्याएवढी होऊन आली, तेव्हाही त्यांचं तेच. “चार टाक्यांत मोकळं करा मला, तिकडे ठोकळे पडलेत.” आता ती चांगली अक्रोडाएवढी झाली होती.

ठोकळे म्हणजे मेणाचे. इस्पितळात कुणाच्याही अंगातून काढलेला तुकडा प्रयोगशाळेत आला, की तो मेणात बसवायचा, ठोकळा थंड करायचा, यंत्राला लावायचा आणि उजव्या हाताने चाक फिरवत त्याचे काप काढायचे. काप कसले, कांद्याचा पापुद्रा त्यांच्यापुढे घोंगडी वाटावा. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे. सव्वीस वर्षं मेणताई हेच करत होत्या, म्हणून तर हे नाव पडलं. त्यांनी कापायचं आणि डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकातून बघून निदान लिहायचं. ठोकळ्यावर फक्त आकडा असे. तो कुणाचा, हे मेणताईंनी कधी विचारलं नाही.

या वेळी गाठीचा छोटा तुकडा तपासून डॉक्टरबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं.

“हे बघा ताई, जात गरीबच आहे. पण त्या घराण्यातली ही हट्टी निघाली. पेशींची नुसती दाटी, खाली चरबीपर्यंत शिरलीय. कॅन्सर नाही, पण अर्धवट काढली की परत येते. फार फार क्वचित एखादी फुप्फुसापर्यंत जाते. तुमच्या छातीचा फोटो स्वच्छ आहे, तेव्हा आत्ता घाबरायचं कारण नाही. मात्र आता भोवतालची चांगली कातडी घेऊन काढायची. चारी कडा मोकळ्या आल्या पाहिजेत, कडेला गाठीची एकही पेशी नको.”

“आणि नाही आल्या तर?”

“पुन्हा कापायचं. आणखी खोल.”

मेणताई घरी आल्या आणि त्या संध्याकाळी घरातले सगळे डबे घासत बसल्या. यजमानांनी ओळखलं. तेही शेजारी बसले आणि एकेक डबा पुसू लागले.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पोटरीवर हातभर पट्टी, मांडीची कातडी काढून तिथे लावलेली. यजमानांनी सर्जनना गाठलंच. “म्हणजे ठिगळच लावलंत की! आधी जागा घासून घेतली होती ना नीट?” सर्जन हसत म्हणाले, “घासली, वाळवली, मग चिकटवलं. आता फक्त पंधरा दिवस पाय खाली सोडू देऊ नका.”

आठव्या दिवशी ठिगळ धरल्याचं कळलं आणि त्याच दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला.

“ताई, तीन कडा मोकळ्या आहेत. चौथीचे काप फाटताहेत. तुमच्या जागी आलेले गृहस्थ प्रामाणिक आहेत हो, पण हात बसलेला नाही. ठोकळ्यात आता थोडंच शिल्लक आहे. मी थांबवलंय. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते, दहा-बारा दिवस लागतील.”

“शिल्लक म्हणजे किती?”

“नखाच्या कडेएवढं.”

“कुणाला हात लावू देऊ नका. मी येते.”

“अहो, पण तुमचा पाय!”

“पायाने कुठे कापायचंय मला?”

निरोप मिळाल्यावर तासाभरात यजमान घराच्या दारात हजर झाले. पुढे पेटी असलेली सामान वाहायची तीनचाकी दुरुस्तीला आली होती; तिच्या मालकाची परवानगी काढून त्यांनी पेटीत खुर्ची बांधली होती आणि पायासाठी फळी ठोकून वर उशी घातली होती.

“यात बसून मी इस्पितळात जाऊ? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, एवढं जपून नेतोय म्हणजे माल किमती असणार. चल.”

इस्पितळापर्यंत सगळा उतार. यजमान ब्रेक दाबत होते, घंटी वाजवत होते आणि मेणताई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. “अहो, हळू! दुसरा पाय तरी शाबूत ठेवा!” इस्पितळाच्या दारावरचा पहारेकरी त्यांना बघून आधी चकित झाला आणि मग सलाम ठोकून मोकळा झाला.

प्रयोगशाळेत बदलीवरच्या गृहस्थांनी स्वतः खुर्ची सरकवली, स्टुलावर पाय ठेवून दिला.

“माफ करा ताई. तीन काप वाया घालवले मी.”

“मी पहिल्या वर्षी किती घालवले, ते यांना ठाऊक नाही,” त्या डॉक्टरबाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या. “तेव्हा ह्या शाळेत होत्या, म्हणून वाचले.”

ठोकळा हातात आला. त्यावर आकडाच होता. पण आज तो कुणाचा, हे ठाऊक होतं. मेणताईंनी ठोकळा बर्फावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

“राहू दे का ताई?” डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

“गार होऊ दे. मेणही आणि मीही.”

मग त्यांनी पातं बदललं, ठोकळा लावला, वरचं मेण जरा नरमावं म्हणून त्यावर तोंडाची ऊब फुंकली आणि चाक फिरवलं. पहिला काप चुरगळला. त्यांनी पातं किंचित कलतं केलं आणि पुन्हा फिरवलं, अगदी सावकाश. या वेळी पात्यावरून अखंड फीत सरकत आली, एकाला एक धरून पाच काप. कुंचल्याच्या टोकाने त्यांनी ती पाण्यावर सोडली. सुरकुती नाही, चीर नाही.

“वा!” बदलीवरचे गृहस्थ नकळत बोलून गेले.

काच वाळून, रंगवून होईपर्यंत चहाचे दोन कप झाले. यजमान तोवर प्रयोगशाळेतल्या किरकिरणाऱ्या खुर्चीचे स्क्रू आवळत होते. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. परत मागे नेली. मेणताई त्यांच्या पाठीकडे बघत होत्या.

“मोकळी आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि वळल्या तेव्हा त्यांचेच डोळे भरले होते. “पूर्ण मोकळी. ठरल्याप्रमाणे मोठ्या प्रयोगशाळेचं दुसरं मत घेईन. पण मला शंका नाही.”

“म्हणजे आता येणार नाही?” यजमानांच्या हातात पेचकस तसाच राहिला.

“येणारच नाही असं नाही म्हणणार मी. दर सहा महिन्यांनी पाय दाखवायचा. पण काटा निघालाय.”

“मी बघू?” मेणताईंनी विचारलं. लाखो काप काढले होते त्यांनी, पण नीट कापलंय की नाही एवढंच बघून पुढे जायच्या. आज त्या निवांत बघत राहिल्या. एका बाजूला जांभळी दाटी, मधे गुलाबी मोकळं रान, आणि त्यापलीकडे खूण म्हणून लावलेली काळ्या शाईची कड.

“दिसायला मात्र देखणी आहे हो मेली,” त्या म्हणाल्या.

परतताना तो सगळा उतार चढ झाला होता. अर्ध्यावर यजमानांचा दम संपला. ते उतरून मागून ढकलू लागले, तरी गाडी वीतभर पुढे आणि बोटभर मागे. मेणताईंचा जीव कासावीस झाला, पण पाय फळीवर बांधलेला; उतरायची सोय नाही.

“अहो, थांबा जरा, छाती फुटेल!”

तेवढ्यात गाडी हलकी झाली. एकदम सरसर पुढे निघाली. मागून चार-सहा पावलं ऐकू येऊ लागली. कुणी बाईच्या आवाजात ‘हां, जोर लावा’ म्हणत होतं, कुणी हसत होतं. त्यांनी वळून पाहायचा प्रयत्न केला, पण मान तेवढी वळेना.

“कोण आहे हो मागे?”

“मी तरी कुठे ओळखतो!” यजमान धापा टाकत म्हणाले.

“तुम्ही पुढे बघा मावशी,” मागून कुणीतरी म्हणालं.

ठोकळा कुणाचा हे जसं कधी विचारलं नव्हतं, तसं हेही मेणताईंनी पुन्हा विचारलं नाही; हात मांडीवर जुळवले आणि त्या पुढे बघत राहिल्या.