दुसऱ्या स्क्रीनसाठी

मी घरांचे नकाशे काढते. डाव्या मॉनिटरवर नकाशा, उजव्यावर मोजमापं आणि गिऱ्हाइकांचे मेसेज. हिवाळा संपता संपता माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळालं आणि उजवा मॉनिटर काळा पडला. एका स्क्रीनवर काम म्हणजे एका हाताने कणीक मळणं.

"छोटं नवं कार्ड घे," माझा नवरा सेर्झान म्हणाला. "दोन स्क्रीन चालल्या की झालं. तुला काय खेळ खेळायचेत?"

"लोकांना घर आतून फिरवून दाखवावं लागतं. छोटं कार्ड धापा टाकतं."

झासुलान नावाच्या पोराची जाहिरात मला दिसली होती. आमच्या करागांदा शहराच्या टोकाला, जुन्या कोळसा खाणीमागच्या गॅरेजात त्याने क्रिप्टो चलन कमावणारी यंत्रं लावली होती. आता धंदा बसला, म्हणून त्यांतली मोठी ग्राफिक्स कार्डं स्वस्तात काढत होता.

"रात्रंदिवस भाजून काढलेली असतात ती," सेर्झान म्हणाला.

"म्हणूनच तपासून घेऊ. माझे मॉनिटर लावून."

माझा कॉम्प्युटर आणि दोन्ही मॉनिटर गोधडीत गुंडाळून आम्ही गाडीत टाकले. सेर्झान शाळेत गणित शिकवतो. लग्नात दारू चढून पुरुष एकमेकांच्या अंगावर गेले की हा सगळ्यांचे कोट सांभाळत उभा राहतो. माझे भाऊ त्याला त्यावरून चिडवतात, तोही हसतो.

झासुलानला भलतीच घाई होती. "वहिनी, कार्ड उत्तम आहे, घेऊन टाका," असं म्हणत तो सारखा दाराकडे बघत होता. मी ऐकलं नाही. पहिलं कार्ड लावलं, डावा मॉनिटर लागला, उजवा नाही. केबल बदलली, तरी नाही.

"याचं एक तोंड मेलंय. दुसरं काढ."

"दादा, तुम्ही तरी सांगा यांना," तो सेर्झानला म्हणाला.

"मी सांगून ऐकलं असतं तर इथं आलोच नसतो," सेर्झान म्हणाला.

दुसऱ्या कार्डावर दोन्ही मॉनिटर लागले. मी काढलेल्याच एका घराचा नकाशा उघडून फिरवत होते, तेवढ्यात दारावर लाथ बसली.

दोघे आत आले. पुढच्याच्या हातात पहार होती. तो झासुलानचा भागीदार, हे त्याच्या पहिल्या वाक्यात कळलं; बेकझात हे नाव मागाहून.

"अर्धी कार्डं माझी आहेत ना रे कुत्र्या? मला न सांगता विकतोस?"

झासुलान काही बोलायच्या आत पहार त्याच्या गुडघ्यावर बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो पडला आणि बेकझातने पुन्हा मारलं, मग पुन्हा. झासुलान ओरडायचा थांबला आणि नुसता श्वास ओढू लागला.

"आम्ही गिऱ्हाईक आहोत," सेर्झान हात वर करून म्हणाला. "आम्हाला जाऊ द्या."

"चोरीचा माल घेणारे तुम्ही," बेकझात म्हणाला आणि पहार फिरवली. ती सेर्झानच्या खांद्यावर बसली. चष्मा उडाला.

दुसरा होता एल्दोस, मिसरूड फुटलेला, दांडगा. मी दाराकडे धावले तेव्हा त्याने माझे केस धरले आणि मला मागे ओढून टेबलावर आपटलं. माझा ओठ फाटला. उजवा मॉनिटर खाली कोसळला आणि त्याच्या स्टँडचं लोखंडी पाऊल सुटून वेगळं झालं.

सेर्झानने ते पाऊल उचललं.

त्याने ते एल्दोसच्या जबड्यावर मारलं. माझे केस सुटले. एल्दोस गुडघ्यांवर आला, तोंडातून रक्त आणि दात गळत होते. तो हात पुढे करून नको नको करत होता. सेर्झानने पुन्हा मारलं, त्या हातावर. मग कानशिलावर. बेकझात हे बघून पहार टाकून पळाला, आणि तरी सेर्झान मारत राहिला.

"पुरे! सेर्झान, मरेल तो!"

मी त्याचा दंड धरला. त्याने वळून ते लोखंड माझ्यावर उगारलं. एवढ्या वर्षांच्या नवऱ्याने मला ओळखलं नाही. मी हललेही नाही, हलताच आलं नाही. मग त्याचा हात हळूहळू खाली आला.

"कुरालाय," त्याने माझं नाव घेतलं, "तुझ्या ओठातून रक्त येतंय."

पोलीस आले, अँब्युलन्स आली, कार्डं पुरावा म्हणून गेली. झासुलानचा पाय वाचला, पण वाकेना. बेकझातला दोन दिवसांत रेल्वे स्टेशनवर पकडलं. तपास अधिकाऱ्याने सेर्झानला एकच गोष्ट विचारली.

"पहिला फटका बायकोला सोडवायला. समजलं. नंतरचे कशाला, मास्तर?"

सेर्झानने जबाबाचा कागद ओढला आणि सही केली. घरी आल्यावर मात्र, दिवा न लावता, तो मला म्हणाला, "मला थांबायचंच नव्हतं. बरं वाटत होतं."

मी त्याच्या सुजलेल्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर तो बाजूला सरकला.

आठवडाभराने मी दुकानातून छोटं नवं कार्ड आणलं, एक मॉनिटरही आणला. कार्ड सेर्झानने बसवून दिलं. दोन्ही स्क्रीन लागल्या. "धापा टाकतंय का?" त्याने विचारलं. "थोडं," मी म्हणाले. तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. मेंढीचं मटण शिजत ठेवलं होतं, त्याचा रस्सा त्याने बरणीत गाळला.

"कुठं नेतोस?"

"त्या पोराचा जबडा तारेने बांधलाय. त्याला चावता येत नाही."

मीही गेले. हॉस्पिटलात एल्दोसजवळ त्याची आई बसली होती, डोक्याला रुमाल, हात भेगांत कोळसा बसून काळे.

"कोण तुम्ही?"

"मीच मारलं याला," सेर्झान म्हणाला.

तिने उठून त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या हाताने. त्याने तोंड फिरवलं नाही. एल्दोसने तारांमधून काहीतरी घोगरा आवाज काढला. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या ओठांच्या टाक्यांकडे. त्याने आईची बाही ओढली आणि आपल्या केसांची मूठ धरून दाखवली, मग माझ्याकडे बोट केलं.

बाई खाली बसली. सेर्झानने बरणी पुढे केली.

"मीठ आहे का यात?" तिने विचारलं.

"कमी आहे," सेर्झान म्हणाला.

तिने बरणी घेतली, झाकण काढून वास घेतला आणि चमचा शोधू लागली.