कप्तानाने उघडलेला व्हॉल्व्ह

युद्ध संपून दोन वर्षं उलटल्यावर कप्तानाला नुकसानभरपाईच्या कचेरीतून बोलावणं आलं. शत्रूची वाट अडवायला त्याची मालवाहू बोट लष्कराने बंदराच्या तोंडाशी बुडवली होती. थोरली बहीण हट्टाने सोबत आली. तिचा नवरा त्याच बोटीवर इंजिनवाला होता, आणि बोटीबरोबरच गेला. सैनिकांनी घाईत सुरुंग उडवला, भाऊजींना वर यायला सवडच मिळाली नाही, असं कप्तानाने तिला सांगितलं होतं.

साहेबांनी फाईल उघडली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सुरुंग? अहवालात सुरुंगाचं नावसुद्धा नाही. मालकाने स्वतःच्या हाताने समुद्राचं पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह उघडला, असं आहे. म्हणजे बोट आपखुशीने बुडवली. मग भरपाई कशाची?"

"आपखुशीने?" कप्तान ताडकन उठला. "ही बोटं बघा!" त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच जुळून आली होती. "बंदुकीच्या दस्त्याने ठेचली त्यांनी."

"काय झालं ते नीट सांगा."

कप्तानाने बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"भाऊजी बोट सोडायला तयार नव्हते. खाली उतरलेल्या सैनिकाच्या तोंडावर त्यांनी पाना हाणला, त्याचा जबडाच निखळला. सार्जंटने त्यांना इंजिनखोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मग मला म्हणाला, कोठारातला व्हॉल्व्ह तू उघड. मी नाही म्हटलं. एक बोट ठेचलं. पुन्हा नाही म्हटलं, तर दुसरं. मग बंदुकीची नळी कानाला लावली."

"आणि?" बहिणीने विचारलं.

"उघडला, ताई. ते आतून दार ठोकत होते. मी वर पळालो तेव्हाही ठोकतच होते."

साहेबांच्या टेबलावर लोखंडी शिक्का होता. बहिणीने तो उचलला आणि भावाच्या डोक्यात घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कचेरीच्या शिपायाने धावत येऊन तिचा हात धरला, तेव्हा ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. कप्तानाने डोक्यावर हातही घेतला नाही. रक्त भुवईवरून ओघळून फाईलवर टपटपू लागलं.

"दोन वर्षं माझ्या हातचं जेवलास रे!" ती किंचाळली. "माझ्या पोरांना मांडीवर घेऊन बसलास!"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, पोलिसांना बोलावू का?"

"आधी लिहून घ्या. दाराला बाहेरून कडी होती, हे लिहा. त्या सार्जंटचं नाव लिहा. आणि याची सही घ्या, नाहीतर बाहेर पडला की फिरेल हा."

"नाही फिरणार," कप्तान म्हणाला. पापणीवरचं रक्त निपटत त्याने वाकड्या बोटांनी सही केली.

त्या जबाबावर पुढे दोन्ही दावे मंजूर झाले, बोटीचा आणि माणसाचाही. सार्जंट परदेशी निघून गेला होता; त्याला कोणी हात लावू शकलं नाही.

त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना कप्तान बहिणीच्या मागोमाग निघाला. ती वळली.

"पोरांना मी सांगेन. तू घरी यायचं नाहीस."

"ताई..."

"ताई म्हणू नकोस."

ती झपाझप चालत कोपऱ्यावरून वळली. कप्तान रुमाल डोक्याला दाबून तिथेच पायरीवर बसला. शिपाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला, तरी त्याला उठवेना.