यादीबाहेरचे गाव

उबवणी यंत्राचे दार सताड उघडे होते, आतला पंखा इमानाने फिरत होता आणि तीन माणसे तीन दिशांना पाहत उभी होती. व्हॅलेरियन ट्रेमधल्या अंड्यांकडे, त्याची बायको रिटा त्याच्या पाठीकडे आणि त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जितेंद्र शेडगे पायाखालच्या सिमेंटच्या कोब्याकडे. एकविसाव्या दिवसाची ती सकाळ होती. अशा सकाळी त्या पत्र्याच्या खोलीत दोन माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ नये इतका चिवचिवाट असायला हवा होता. सहाशे अंड्यांतून अकरा पिल्ले बाहेर आली होती. ती टोपलीत, बल्बखाली, एकमेकांना बिलगून होती आणि त्यांचा आवाजही अनोळखी घरी उतरलेल्या पाहुण्यांसारखा दबका होता.

व्हॅलेरियनने एक अंडे उचलले, कानाशी धरले, मग अंगठ्याने कवच हलकेच दाबून फोडले. आत पिल्लू होते. पंख, नखे, पापण्या, काही म्हणता काही उणे नव्हते. चोच पंखाखाली खुपसून ते कायमचे निजले होते.

"भरलेलं आहे," तो म्हणाला. "पीस न् पीस भरलेलं आहे. फक्त बाहेर यायचं राहिलं."

"थोडा वेळ म्हणजे किती, भाऊ?" रिटाने एकदम विचारले.

जितेंद्रने मान वर केली नाही. प्रश्न कुठून आला हे त्याला ठाऊक होते. परवा संध्याकाळी पाच वाजता ही दोघे नायगावहून परतली तेव्हा व्हॅलेरियनने अंगणातूनच हाक मारून विचारले होते, "साहेब, लाइट गेलेली का हो?" आणि गच्चीच्या कठड्यावरून जितेंद्र म्हणाला होता, "थोडा वेळ." आज पहाटे शेजारच्या वाडीतली भागूबाई चाफ्याच्या कळ्या खुडता खुडता रिटाला सांगून गेली की परवा दहा ते चार वसईकडच्या या उमराळे गावात पंख्याचे पातेसुद्धा हलले नव्हते. थोडा वेळ आणि सहा तास यांच्यातले अंतर आता त्या खोलीत चौथ्या माणसासारखे उभे होते.

"जाऊ दे गं," व्हॅलेरियन म्हणाला. "साहेब ड्युटीवर होते. त्यांना काय माहीत?"

या एका वाक्याने जितेंद्र जितका खचला तितका रिटाच्या प्रश्नाने खचला नव्हता.

कारण त्याला माहीत होते. राज्यभरच्या विजेची मागणी आणि पुरवठा यांची तोंडमिळवणी ज्या नियंत्रण कक्षात होते, तिथे तो पाळीचा अभियंता होता. हाताखाली टेलिफोन आणि समोरच्या भिंतीवर वारंवारतेचा एक मोठा आकडा. तो पन्नासाच्या आसपास असला की सारे क्षेम. घसरू लागला की कुठला तरी मुलूख अंधारात ढकलून उरलेल्यांचा उजेड राखायचा. सन दोन हजार चारचा तो सप्टेंबर होता. साताऱ्याकडच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी राहिली होती आणि कक्षातले जुने लोक वाऱ्याच्या विजेला पाहुणा म्हणत. येतो कधी हे सांगत नाही, जातो कधी हेही नाही, आणि त्याच्या जिवावर घरात स्वयंपाक करता येत नाही.

जितेंद्र मात्र त्या पठारांच्या पायथ्याचा, पाटणचा. लहानपणी ज्या वाऱ्याने त्याच्या हातातली पाटी उडवली होती, तोच वारा आता आकडा होऊन आपल्या टेबलावर येतो, याचे त्याला नवल वाटे, आणि खरे सांगायचे तर गर्वही. पठाराच्या कडेला त्याची सुभद्राकाकू राहत असे. पवनचक्क्यांकडून अंदाज म्हणून काही येत नसे. मग पाळी सुरू होताच जितेंद्र काकूला फोन लावी. अंगणातल्या दोरीवर तिचे लुगडे कसे उडते आहे यावरून तो पुढच्या दोन तासांचा वारा सांगे, आणि तो अंदाज बहुधा बरोबर निघे.

"काय शेडगे," शेजारच्या टेबलावरचा दयाराम विचारी, "काकूचं लुगडं आज किती मेगावॉट?"

"तीनशे."

"लुगडं आहे का तंबू!"

सगळे हसत; पण पाहुण्याला घरातल्या माणसासारखे वागवायला हा कक्ष शिकला तो याच हसण्यातून. वारा चढला की कोळशावर चालणारा एखादा वीजनिर्मितीचा संच उतरवायचा, वारा पडायच्या आधी तो पुन्हा तापवायचा, हे जितेंद्रने जिद्दीने बसवले होते.

परवाच्या एकोणतीस तारखेच्या आदल्या संध्याकाळी काकू म्हणाली होती, "बक्कळ वारं हाय बाबा, दोरी तुटंल." त्याच संध्याकाळी जिन्यापाशी व्हॅलेरियन भेटला. मुंबईतला कारखाना बंद पडल्यावर त्याने स्वतःच्या हातांनी हे उबवणी यंत्र बांधले होते. आठ सप्टेंबरचा मावलीचा, मेरीमातेचा सण झाल्यावर दोन दिवसांनी अंडी मांडायची, म्हणजे ऑक्टोबर लागताच पिल्ले आणि नाताळाला तयार कोंबड्या, असा त्याचा हिशोब. आसपासच्या पाच गावांनी त्याच्याकडे नावे नोंदवली होती. ही तुकडी साधली तर तो पुन्हा कुणाच्या नोकरीच्या दारी जाणार नव्हता.

"साहेब, उद्या लाइट जाईल काय?" त्याने विचारले होते. "धाकटीच्या नव्या फ्लॅटला आशीर्वाद द्यायला फादर येणार, नायगावला. टॉवर नवा, मीटर अजून लागले नाहीत. जावई आमचा इथला जनरेटर मागतो. पण इथं एकोणिसावा दिवस. आता पिल्लं श्वास घेतात, पंखा बंद पडला तर आपल्याच उबेत गुदमरतात."

"खुशाल न्या," जितेंद्र म्हणाला होता. "तुमची लोडशेडिंगची पाळी मंगळवारची. आणि वारा चांगला आहे. उद्या कुणाचीच लाइट जाणार नाही."

किती सहज म्हणाला होता तो. जणू वारा त्याच्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला त्याने काकूला फोन केलाच नाही. कालचाच आकडा त्याने आजच्या रकान्यात उतरवला, आणि त्याच्या भरवशावर एक संच दुरुस्तीसाठी सोडायला होकार दिला. साडेनऊला तीनशेचे दोनशे झाले. पावणेदहाला सत्तर. पाऊस परतत होता, आणि जाता जाता आपला वाराही आवरून घेत होता. भिंतीवरचा आकडा एकोणपन्नासाच्या खाली आला. कोळशाचा संच परत तापायला आठ तास लागणार. वारंवारता आठ मिनिटे थांबायला तयार नव्हती.

फोन सुरू झाले. वीजकपातीच्या यादीतले एकेक उपकेंद्र तोडले जात होते. तरी थोडे कमी पडत होते. "आणखी वीस हवेत," दयाराम म्हणाला आणि डोळा बारीक करून हसला. "वसईकडचं घेऊ? की साहेबांच्या गावाला माफी?"

त्या हसण्यात विष नव्हते. पण नेमके त्या क्षणी जितेंद्रच्या मनात काय झाले, ते या दोन दिवसांत त्याने शंभरदा उलगडून पाहिले होते. त्याला अंडी आठवली. पंखा आठवला. आणि त्याच श्वासात, आपण घरच्या माणसांसाठी हात आखडला असे कुणाला वाटू नये, ही चोख, इस्त्री केलेली भीती आठवली. अकोल्याकडचेही वीस मेगावॉट समोर होते, आणि ते यादीत होते.

"माफी कसली?" तो म्हणाला. "वसईचंच घ्या." आणि फोन त्याने स्वतः केला. तासाभराचा तर प्रश्न होता.

अकराच्या सुमारास धरणांवरची वीज जोडीला आली आणि आकडा सावरला. दयारामने छापील यादी समोर ठेवून एकेका नावावर खूण करत परत जोडायला लावले. यादी संपली. वसईचा तो फीडर, ती वीजवाहिनी, यादीत नव्हताच. तो जितेंद्रने तोंडी, यादीबाहेर तोडला होता, आणि नोंदवहीत लिहायला तो विसरला होता. आपल्या न्यायीपणाच्या कैफात माणूस काय काय विसरतो! दोन वाजता त्याने पाळी सोपवली, डबा धुतला, आणि तो घरी निघाला.

चारला तो घरी पोचला तेव्हा त्याची बायको संपदा वर्तमानपत्राने वारा घेत होती. "दहापासून नाहीये," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. त्याने फोन लावला. पलीकडून कुणी म्हणाले, "कुठला फीडर? यादीत तर नाही." पाच मिनिटांत वीज आली. खाली पत्र्याच्या खोलीला कुलूप होते. ऑक्टोबर तोंडावर आलेल्या उन्हात पत्रा इतका तापला होता की कुलपाला हात लावल्यावर तो मागे आला. आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती. त्याने दाराला कान लावला. पंखा फिरतो आहे, म्हणजे सगळे ठीक असेल. ही समजूत त्याने स्वतःला एखाद्या रडणाऱ्या मुलाच्या हातात खाऊ द्यावा तशी दिली. कुलूप तोडायचे त्याला सुचले होते. पण कुलूप तोडले असते तर का तोडले हेही सांगावे लागले असते.

"साहेब," व्हॅलेरियनच्या हाकेने तो खोलीत परत आला. "तुम्ही एक अर्ज लिहून द्या. तुमची भाषा चांगली. मी लिहिलं की ऑफिसवाले हसतात."

रिटाने फुलस्केपचा कागद आणला, अंडी तपासायच्या फळीवर ठेवला. जितेंद्र स्टुलावर बसला. हातात पेन आल्यावर त्याला क्षणभर बरेच वाटले. कागदावर माणूस 'अर्जदार' होतो, 'संबंधित' होतो, त्याला चेहरा राहत नाही.

"लिहा," व्हॅलेरियन म्हणाला. "एकोणतीस तारखेला आमची पाळी नव्हती. तरी दहा ते चार लाइट बंद. माझी सहाशे अंडी गेली."

"पाचशे एकोणनव्वद," रिटा म्हणाली.

"पाचशे एकोणनव्वद. आता लिहा, लाइट कुणी बंद केली त्याचं नाव पाहिजे."

"नाव घेऊन काय करणार तुम्ही?" रिटा म्हणाली. "लोणचं घालणार?"

"नाव असलं म्हणजे माणूस असतो. नाहीतर सगळे ऑफिस, ऑफिस करतात. ऑफिसाला काय तोंड असतं? मला त्याच्याशी भांडायचं पण नाही. फक्त आणून इथं उभा करणार. बघ म्हणणार, हे फोडून बघ एक."

जितेंद्रचे पेन 'सदर आदेश देणाऱ्या' या शब्दांपाशी थांबले. पुढचा शब्द लिहिणे सोपे होते. 'अधिकाऱ्याचे नाव कळवावे.' मग हा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल, तीन महिन्यांनी 'तांत्रिक कारणास्तव' असे उत्तर येईल, आणि व्हॅलेरियन ते उत्तर वाचून घ्यायला त्याच्याकडेच, वरच्या मजल्यावर, चप्पल जिन्याखाली काढून येईल. हे सारे त्याला इतके स्पष्ट दिसले की पेन त्याच्या बोटांतून आपणहून सुटले.

"नाव मला माहीत आहे, दादा."

"कोण?"

"मीच."

व्हॅलेरियन हसला. मग त्याने जितेंद्रच्या तोंडाकडे पाहिले आणि हसू तसेच चेहऱ्यावर राहून गेले, उतरायला जागा न मिळाल्यासारखे.

जितेंद्रने सांगितले. काकूला न केलेला फोन, कालचा आकडा, सोडून दिलेला संच, यादी. मध्ये कुठे तरी तो 'यंत्रणा' हा शब्द वापरणार होता. तो त्याने गिळला. "परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी थोडा वेळ म्हणालो, तेही मुद्दाम. सहा तास आहेत हे मला माहीत होतं."

"पण तुम्हीच तर बोलले होते, लाइट जाणार नाही," व्हॅलेरियन म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. हातातून निसटलेली वस्तू शोधावी तसा तो ते वाक्य शोधत होता. "म्हणून जनरेटर दिला."

"हो."

"परवा पाच वाजता सांगितलं असतं, तर दार उघडून, हवा देऊन... थोडी तरी..." त्याने वाक्य पुरे केले नाही.

पदराला हात पुसत रिटा फळीजवळ आली. "भाऊ, एक सांगा. फोन केला तेव्हा आमची अंडी आठवली होती काय?"

विसरलो होतो, एवढे म्हटले असते तर पुरे होते. कामाच्या गडबडीत माणूस विसरतो, हे त्या घराने समजून घेतले असते. कदाचित चहाही ठेवला असता. जितेंद्रला ती वाट दिसली, आणि तिच्या तोंडाशी तो थोडा रेंगाळलाही.

"आठवली होती," तो म्हणाला. "अकोल्याचं घेता येत होतं. पण आपल्या माणसांना वाचवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी इथलं घेतलं."

"आपल्या माणसांना," रिटा स्वतःशी म्हणाली. मग ती नवऱ्याशी त्यांच्या घरच्या बोलीत काही तरी भराभर बोलली. सहा वर्षे इथे राहूनही जितेंद्रला त्यातले अर्धेच कळत असे. आज तेवढेही कळले नाही. अकरा पिल्लांची टोपली पोटाशी धरून ती स्वयंपाकघराकडे गेली.

व्हॅलेरियन ट्रे बाहेर काढू लागला. एकावर एक तीन रचले, वरच्यावर गोणपाट टाकले, पुरायला म्हणून कोपऱ्यातली कुदळ घेतली. जितेंद्र मदतीला पुढे झाला. व्हॅलेरियनने ट्रे थोडे दुसऱ्या अंगाला वळवले, इतकेच.

"दादा, मी अर्ज पुरा करतो," जितेंद्र म्हणाला. "नावाच्या जागी माझं नाव घालतो. काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही फक्त खाली सही करा. कराल ना?"

व्हॅलेरियनने ट्रे छातीशी नीट धरले, पायाने दार ढकलले आणि केळीच्या रांगांमधून विहिरीमागच्या पडीक तुकड्याकडे तो चालू लागला. कुदळीचा दांडा त्याच्या काखेतून मागे डोकावत होता. पाटाशी पोचल्यावर तो क्षणभर थांबला. जितेंद्र दारात पुढे सरला. पण व्हॅलेरियनने फक्त ओझे सावरले, पाट ओलांडला, आणि तो केळींच्या आड गेला.