वेणूताईच्या खोलीची रेंज

मागची खोली दुपारपासून लांब गेली आहे.

लोखंडी कपाटातून वायफाय जात नाही.

वेणूताईने वायफाय पुढे पोचवणाऱ्या चारही डब्यांना, नोडना, झालरीचे अभ्रे शिवलेत. धूळ बसू नये म्हणून.

चहा उकळतोय. दोन कप.

वेणूताई माझी थोरली बहीण. आम्ही दोघंच राहतो. भाच्याने प्रत्येक खोलीत एक नोड बसवून दिला. एकाने दुसऱ्याला हात द्यायचा, आणि त्यातून बोलताही येतं. दिवा निळा असला की वेणूताईची खोली स्वयंपाकघराला लागून असते. पिवळा झाला की मधला बोळ वाढतो. आत्ता लाल आहे. बोळाच्या टोकाला तिचं दार काडेपेटीएवढं दिसतं.

"बाळ्या, चहा करतोयस की चहाची लागवड?" नोडमधून तिचा आवाज आला.

"आणतो."

निघालो. चहावर साय धरली तरी दार तेवढंच राहिलं. परत आलो आणि नोडच्या कंपनीला फोन लावला. पल्लवी नावाच्या मुलीने उचलला.

"काका, आधी अभ्रे काढा. सगळेच घालतात."

काढले. बोळ जरासा आखडला, पुन्हा लांबला.

"मग नोड पुढे सरकवा. एकेक करून त्या खोलीच्या जवळ आणा."

हॉलमधला नोड उचलून बोळात ठेवला. वळून पाहिलं तर हॉल नव्हता. तिथे भिंत होती आणि भिंतीवर आमचंच कॅलेंडर. वेणूताईचं दार मात्र ताटाएवढं झालं.

"हॉल गेला," मी सांगितलं.

"चालेल ना काका? लागतो का तो?"

"नाही. कोणी येत नाही."

"मग पुढचा आणा."

माझी खोली दिली. चहा पुन्हा गरम केला, गॅस बंद केला, मग स्वयंपाकघर दिलं. एका हातात कप, एका हातात शेवटचा नोड, फोन खिशात चालूच.

दार आता दाराएवढं होतं. आत वेणूताई शिलाई मशीनवर पाठमोरी बसली होती.

"वेणूताई."

"कोण?" आवाज माझ्या हातातल्या नोडमधून आला. तिने मान वळवली नाही.

"मी. चहा आणलाय."

"ठेवा तिथे. बाळ्या आला की देते त्याला."

उंबऱ्यात पाऊल टाकायला गेलो. बोळ दोन्ही खांद्यांना टेकला.

"काका, आता फुल रेंज आहे," खिशातून पल्लवी म्हणाली. "घरात एकच जण दिसतोय. बरोबर ना?"

मशीन चालू झालं. कप ठेवायला मी खाली वाकू शकत नव्हतो. दिवा निळा होता.

आज सकाळी दूध घेताना वेणूताईने दूधवाल्याला सांगितलं होतं, उद्यापासून एक लिटर नको, अर्धाच टाक.