हसती नंदाबाई माझ्या खांद्यावर

मी घोडा बोलतोय. दचकू नका, मला तीनच पाय आहेत आणि शेपूट मुळीच नाही. चित्रकार ज्यावर कॅनव्हास उभा करून रंगवतात ना, तो लाकडी स्टँड म्हणजे मी. पुस्तकात मला ईझल म्हणतात म्हणे, पण आर्णीत सगळे मला घोडाच म्हणतात, आणि मलाही तेच आवडतं.

माझा जन्म आर्णीतल्याच एका सुताराकडे झाला. अंग सागाचं. सुचित्राबाई मासिकातलं चित्र घेऊन आल्या होत्या. सुतारानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, याच्यावर बसाचं कसं?"

"मी नाही बसणार. माझं चित्र बसणार," त्या म्हणाल्या आणि दोघंही हसले. माझ्या आयुष्याची सुरुवात अशी हसण्यानं झाली.

त्यांच्या घराच्या गच्चीवर टिनाच्या छताची एक खोली होती. तिथं मी उभा राहिलो. सुचित्राबाईंचे यजमान, नंदकिशोरराव, तहसील कचेरीत होते. ते सकाळी वर येत, माझ्या खांद्यावर ओला टॉवेल वाळत टाकत आणि निघून जात. चित्राकडे पाहतसुद्धा नसत. माणसं अशीच असतात, उभी वस्तू दिसली की आधी तिच्यावर काहीतरी लटकवतात. मला राग आला नाही. पण दर सकाळी वाटायचं, एकदा तरी मान वर करा हो!

मग आली कापसाचे भाव पडल्याची ती वर्षं. कापूस घराघरात पडून होता, माणसं गप्प झाली होती. दूरदूरचे कॅमेरेवाले गाड्या घेऊन गावोगाव, तांड्यातांड्यावर फिरत होते.

नंदाबाई जवळच्या बंजारा तांड्यावरची. तुरीच्या शेंगा घेऊन दारावर यायची. एक दिवस ती सरळ गच्चीवर चढून आली आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, माह्यं चित्र काढता का?"

"काढते की! बसा."

"पण मले रडतानी नका काढू. ते फोटोवाले आलते तांड्यावर. मले म्हने, पदर तोंडाले लाव, खाली पाह्य. मी काहून खाली पाहू? माह्या जयाचं लगन हाय उन्हाळ्यात. तिच्या सासरी भितीवर हासती माय पाह्यजे मले."

सुचित्राबाईंनी लगेच माझ्यावर नवा, चांगला उंच कॅनव्हास चढवला. काय ते दिवस होते! नंदाबाई गाठोड्यातून तिचा तांड्याचा पोशाख काढायची. आरसे लावलेला लाल घागरा, कवड्यांची ओढणी, हातभर पांढऱ्या बांगड्या. ती हलली की सगळी खोली किणकिणायची. बाई एकेक आरसा बारीक ब्रशनं काढत, आणि मी पाय घट्ट रोवून उभा राही.

होळी झाली आणि बाईंना ताप आला. चिकनगुनिया. त्या वर्षी गल्लीत घरोघरी तो होता. ताप उतरला, पण सांधे आखडून गेले. एका सकाळी त्या जिन्याचा कठडा धरत, थांबत थांबत वर आल्या. ब्रश उचलला. तो बोटांतून निसटून खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग त्या माझ्या पायाशी बसून राहिल्या.

पुण्याहून मुलाचा, क्षितिजचा, फोन यायचा. नंदकिशोररावांची नोकरी मे महिन्यात संपणार होती. "जूनमध्ये इकडेच या," तो म्हणायचा. दोघांनी हो म्हटलं. खाली खोकी भरायला सुरुवात झाली. माझ्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं.

आणि मग वादळ आलं! मे महिन्यातली संध्याकाळ. आधी धूळ, मग असा वारा की टिनाचं छत सोललेल्या सालीसारखं उडालं. मी आडवा झालो. काडकन माझा मागचा पाय मोडला. माझ्या डोळ्यांदेखत चित्रातली नंदाबाई कॅनव्हाससकट आभाळात गेली!

पाऊस थांबताच सगळी गल्ली शोधायला निघाली. कुणी नालीत, कुणी छपरांवर. अखेर कॅनव्हास सापडला शेजारच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कापूसकाड्यांच्या, गंजीवर. घागरा शाबूत, आरसे शाबूत. चेहरा मात्र काटक्यांनी पार खरवडून काढलेला.

क्षितिज धावत पुण्याहून आला. उघडी खोली पाहून म्हणाला, "आई, आता काय राहिलंय इथं?"

"नंदाबाईचं तोंड राहिलंय," सुचित्राबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी नंदाबाईचा नवरा किसनसिंग कुऱ्हाड आणि बाभळीचा दांडका घेऊन आला. त्यानं मला उलटा पाडला आणि नवा पाय बसवला. सागाच्या अंगाला बाभळीचा पाय! मला खालच्या बैठकीत उभं केलं. लग्न आठवड्यावर आलेलं.

बाईंना चिमटीत काहीच धरता येत नव्हतं. ट्यूबचं झाकणसुद्धा उघडेना. तेव्हा नंदकिशोरराव खुर्ची ओढून शेजारी बसले.

"सांग, कोणता रंग देऊ?"

"तांबडी माती. नाही, ती नव्हे, तिच्या बाजूची."

"यात काय फरक आहे?"

"चेहऱ्यावर लावल्यावर कळेल."

भिंत रंगवायचा रुंद ब्रश बाईंनी मुठीत धरला. बारीक काम जमणारच नव्हतं. समोर नंदाबाई बसली आणि वादळात तिच्या कोंबड्या कशा उडाल्या ते सांगू लागली. सांगता सांगता स्वतःच खदखदून हसली. बाईंनी खांद्यापासून हात फिरवला. एक फटकारा, दुसरा, तिसरा. माझा बाभळीचा पाय करकरला. नंदकिशोरराव ट्यूब हातात धरून चक्क उभेच राहिले.

"सुचित्रा," ते हळूच म्हणाले, "हे हसू ऐकू येतंय गं."

त्यांनी मान वर केली होती!

लग्नाच्या दिवशी रंग ओलाच होता. चित्र आडवं ठेवता येईना, म्हणून मलाही टेंपोत चढवलं. मी वऱ्हाडात निघालो! मांडवात माझ्याभोवती ही गर्दी. नंदकिशोरराव नव्या सदऱ्यात पहारा देत ओरडत होते, "ओलं आहे, ओलं आहे! हात लावू नका!"

जयानं पाहिलं आणि ओरडली, "याडी!" म्हणजे आई. मग आईकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे.

निरोपाच्या वेळी जया आईच्या गळ्यात पडली. तांड्यावर नवरी निघताना रडत रडत गाणं म्हणते, त्याला ढावलो म्हणतात. जया म्हणत होती आणि नंदाबाई हुंदके देत होती. इतकी रडली की ओढणी भिजली. पण माझ्या खांद्यावरची नंदाबाई हसत होती, सगळ्यांच्या डोक्यांवरून, थेट लेकीकडे पाहत. जयानं रडता रडताच ते पाहिलं, नाक पुसलं आणि जीपमध्ये बसली. चित्र तिनं स्वतः दोन्ही हातांनी कडेनं धरलं. माझे खांदे एकदम हलके झाले. एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

जूनमध्ये ट्रक आला. फ्रिज, कपाट, खोकी चढली. क्षितिज म्हणाला, "बाबा, घोड्याला जागाच नाही. तिथं घडीचा घेऊ आईला."

नंदकिशोररावांनी ट्रककडे पाहिलं. "माझा दिवाण खाली उतरव."

"बाबा, झोपाल कशावर?"

"सतरंजीवर. घोडा वर चढव, आणि तो पाय जपून धर."

आता मी पुण्यात आहे, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत. बाईंची बोटं सकाळी अजून सुजतात. ऊन चढलं की थोडी सैल होतात, मग काम सुरू. समोरच्या इमारतीतली गुंजन नावाची मुलगी रोज येऊन बसते आणि एक मिनिट गप्प राहत नाही. तिचं चित्र कठीण जाणार, असं दिसतंय!

तुमच्याही घरी माळ्यावर एखादा घोडा, एखादी पेटी, एखादी बासरी कापडात गुंडाळून ठेवली असेल. हात पूर्वीसारखे चालत नाहीत म्हणून ठेवली असेल. खाली काढा तिला. हात चालतील तसे चालू द्या.

बरं, येतो मी. नंदकिशोररावांनी ट्यूबचं झाकण उघडलंय आणि विचारतायत, "आज कोणता?"